गेम जास्त टाकले की घरचा कॉम्प्युटर स्लो होतो का? डिलीट मारायच्या आधी एवढं बघा

मागच्या मे महिन्यात बहिणीचा फोन आला, दादा तू जरा येऊन जा, पोरानं गेम टाकून टाकून कॉम्प्युटरची पार वाट लावलीय, ह्यांचा पारा चढलाय, संध्याकाळी सगळे गेम उडवायचे म्हणालेत. तिचं घर सोलापुरात पूर्व भागात, खाली टॉवेलचे चार माग आणि वर राहायचं. गेलो तर भाचा कोपऱ्यात तोंड पाडून बसलेला. नववीत आहे तो, सुट्टी चालू होती. गल्लीजवळच्या एका दुकानदारानं आधीच निकाल देऊन टाकला होता की गेम लई झालेत, फॉरमॅट मारावं लागेल आणि परत गेम टाकायचे नाहीत.

मला त्या पोराचं खरंच वाईट वाटलं, कारण नुसते गेम टाकून ठेवल्यानं कॉम्प्युटर स्लो होत नाही. अशी किती घरं असतील जिथं पोरांनी महिनाभर जपलेले गेम आईबाप एका दुपारी उडवतात आणि कॉम्प्युटर मात्र होता तसाच रडत राहतो. म्हणून त्या दिवशी काय काय बघितलं आणि कुठल्या क्रमानं बघायचं ते सगळं इथं लिहितोय, घरच्या घरी कुणालाही करता येईल असं आहे.

दाजींना मी आधी त्यांच्याच धंद्यातलं विचारलं. म्हटलं दाजी, गोडाऊनला सुताची १० पोती असली काय आणि १०० असली काय, मागाचा स्पीड कमी होतो का? म्हणाले छे, गोडाऊनचा आणि मागाचा काय संबंध. म्हटलं आणि तीच पोती मागाच्या दोन्ही बाजूला रचली, कामगाराला वळायला पण जागा ठेवली नाही तर? म्हणाले मग होणार की, तो कांडी बदलायला जाणार कुठनं. तर कॉम्प्युटरचं अगदी असंच आहे. हार्ड डिस्क म्हणजे गोडाऊन, प्रोसेसर म्हणजे माग, आणि मागाभोवतीची फिरायची जागा म्हणजे रॅम. टाकून ठेवलेला गेम गोडाऊनात गप पडून असतो, तुम्ही तो उघडत नाही तोवर तो रॅम पण खात नाही आणि प्रोसेसर पण. व्हाइस सिटीसारखा २००३ चा १ जीबीच्या आसपासचा गेम असो नाहीतर शंभर जीबीच्या वर जाणारा जीटीए फाइव्ह असो, बंद असताना दोघांचं वजन प्रोसेसरला सारखंच, म्हणजे शून्य. गेमची संख्या वाढली म्हणून दुसऱ्या गेमचा एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) पण कमी होत नाही.

मग लोकांना गेम टाकल्यावरच कॉम्प्युटर स्लो का वाटतो? ते पण खोटं नाही. गेमसोबत आणखी बऱ्याच गोष्टी घरात येतात आणि मागाभोवती पोती रचायचं काम त्या करतात. त्याच शोधायच्या.

सगळ्यात आधी घड्याळ लावा. मोबाइलचं स्टॉपवॉच चालू करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि ब्राउझर उघडून त्यात एखादं पेज नीट दिसेपर्यंत किती वेळ लागतो तो वहीत लिहून ठेवा, नाहीतर नंतर काय सुधारलं आणि काय नाही हे नुसतं अंदाजावर राहतं. भाच्याच्या कॉम्प्युटरला ४ मिनिटं १० सेकंद लागले. आणि मुद्दाम रीस्टार्ट म्हणतोय, शटडाऊन नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप नावाचं एक सेटिंग बहुतेक वेळा चालूच असतं, त्यामुळं तुम्ही रात्री शटडाऊन केलं तरी विंडोज पूर्ण मोकळं होत नाही, आतला काही भाग डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच परत उचलतं. रीस्टार्टला मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. कंट्रोल शिफ्ट एस्केप तिन्ही एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल (छोटी खिडकी आली तर खाली मोअर डिटेल्सवर क्लिक करा), मग परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर (म्हणजे प्रोसेसर) जाऊन अप टाइम बघा, म्हणजे विंडोज किती वेळ सलग चालू आहे ते. बहीण रोज रात्री न चुकता बंद करायची आणि तिथं १९ दिवस दाखवत होतं. तिला पटेचना. नुसतं आठवड्यातनं एकदा रीस्टार्ट मारलं तरी बऱ्याच जणांचं निम्मं दुखणं जातं.

आता त्याच टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसेसवर या आणि काहीही न उघडता, कुठलाही गेम न लावता, पाच मिनिटं नुसतं बघत बसा. वरती सीपीयू, मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क आणि नेटवर्क असे चार रकाने असतात, त्या प्रत्येकावर क्लिक केलं की जास्त खाणारा वर येतो. हे पाच मिनिटं बघणं फार महत्त्वाचं आहे हो, लोक हेच करत नाहीत आणि सरळ डिलीटकडं धावतात. भाच्याच्या कॉम्प्युटरवर काय दिसलं सांगतो. चौथ्या पिढीचा आय थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. एकही गेम चालू नसताना मेमरी ८३ टक्के आणि डिस्क १०० टक्के लाल. पण त्या डिस्कचा स्पीड बघितला तर सेकंदाला जेमतेम २ ते ३ एमबी! भाचा म्हणाला मामा, १०० टक्के आहे तर स्पीड एवढा कमी कसा? बरोबर विचारलं त्यानं. फिरत्या डिस्कमध्ये चकतीवरून सुई इकडनं तिकडं पळत असते, एकाच वेळी चार जणांनी चार कोपऱ्यातलं काहीतरी मागितलं की तिचा सगळा वेळ नुसता पळण्यात जातो, वाचून होतं थोडंसंच. सलग एकच मोठी फाइल वाचायला दिली तर तीच डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते.

आणि ते चार जण कोण होते, तर दोन गेम लाँचर, एक अपडेट आणि विंडोजचा अँटिव्हायरस. भाच्याकडं गेम होते ११, त्यातला एकही चालू नव्हता, पण गेम विकत घ्यायला, उघडायला आणि अपडेट करायला जी लाँचर लागतात, स्टीम, एपिक वगैरे, ती कॉम्प्युटर चालू झाला की आपोआप उठून बसतात. त्यांच्या पोटात एक आख्खा ब्राउझर असतो, स्टीमच्या नावाखाली वेबहेल्परच्या चारपाच ओळी दिसतील तो हाच, सगळे मिळून काहीशे एमबी रॅम जाते. १६ जीबीवाल्याला त्याचं काही वाटत नाही, पण ४ जीबीमध्ये निम्मी रॅम विंडोजच घेतं, ग्राफिक्स कार्ड वेगळं नसेल तर स्क्रीनसाठी पण थोडी रॅम त्यातनंच जाते, मग उरतं काय.

हे बंद करायला टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप नावाचा टॅब आहे, विंडोज ११ ला डाव्या बाजूला स्टार्टअप ॲप्स. समोर इम्पॅक्ट लिहिलेलं असतं, हाय, मीडियम, लो. लाँचर, टोरेंट, चॅटिंगची ॲप, कधी काळी टाकलेला प्रिंटरचा फुकटचा हेल्पर, जे रोज लागत नाही त्याच्यावर राइट क्लिक करून डिसेबल करा. यानं काही डिलीट होत नाही, फक्त आपोआप उठायचं थांबतं, तुम्ही आयकॉनवर क्लिक केलं की नेहमीसारखं चालू होतं. साउंडचा ड्रायव्हर, टचपॅड आणि अँटिव्हायरस मात्र तसेच राहू द्या, आणि ज्याचं नावच कळत नाही ते आधी गूगलला शोधा मग हात लावा. दुसरं म्हणजे लाँचरच्या खिडकीची फुली दाबली म्हणजे ते बंद झालं असं नाही, ते घड्याळाजवळच्या त्या छोट्या बाणाखाली जाऊन लपतं, तिथं राइट क्लिक करून एक्झिट करावं लागतं. भाच्याला हे माहीतच नव्हतं, त्याला वाटायचं मी तर बंद केलंय, आणि घरचे त्याला खोटारडा म्हणायचे.

व्हॅलोरंट हा ऑनलाइन गोळीबाराचा गेम टाकला असेल तर त्याचं थोडं वेगळं आहे. त्याच्यासोबत व्हॅनगार्ड नावाची चीटिंग पकडणारी सिस्टिम येते, ती विंडोजसोबतच सुरू होते कारण तिची रचनाच तशी आहे, कुणी आधीच काही लबाडी लोड केलीय का ते तिला बघायचं असतं. घड्याळाजवळच्या आयकॉनवरून ती बंद करता येते, पण मग गेम खेळायच्या आधी रीस्टार्ट करावं लागतं. खेळायचं सोडून सहा महिने झाले असतील तर गेम आणि व्हॅनगार्ड दोन्ही काढा, कारण गेम काढल्यावर व्हॅनगार्ड वेगळं शिल्लक राहू शकतं, ॲप्सच्या यादीत त्याचं स्वतंत्र नाव असतं ते बघा.

अपडेटचं पण लक्षात घ्या, आत्ताचे मोठे गेम एकेका वेळी काही जीबी डाउनलोड करतात आणि नंतर ते डिस्कवर उलगडत बसतात, त्या वेळात नेट पण रडतं आणि डिस्क पण. इथं मात्र गेमच्या संख्येचा संबंध खरोखरच येतो, ११ गेम म्हणजे ११ जणांचे अपडेट. स्टीमच्या सेटिंगमध्ये डाउनलोड्समध्ये वेळ ठरवून देता येते, आम्ही दुपारी २ ते ४ दिली, ती वेळ तशी पण घरी सगळे झोपायची. नेट स्लो म्हणजे कॉम्प्युटर स्लो असं समजणारे बरेच भेटतात म्हणून टास्क मॅनेजरचा नेटवर्कचा रकाना पण बघत जा.

आता सी ड्राइव्ह. इथं गेम सगळ्यात जास्त नडतात आणि चूक बहुतेक वेळा असेंबल करून देणाऱ्याची असते, ५०० जीबीच्या डिस्कमधले फक्त १०० जीबी सी ला देतात आणि बाकी डी आणि ई रिकामे पडून असतात. पोरगं नेक्स्ट नेक्स्ट करत गेम टाकतं, गेम सी मध्येच जातात. भाच्याच्या सी मध्ये ३ जीबी शिल्लक होते आणि ई मध्ये २०० च्या वर मोकळे. विंडोजला रॅम कमी पडली की ते सी ड्राइव्हवरच्या पेजफाइल नावाच्या फाइलमध्ये सामान ठेवतं, तिथंच जागा नसेल तर प्रोग्राम अडकतात, मेमरी कमी आहे असा मेसेज येतो, गेम मधेच बाहेर फेकतो. विंडोजचे अपडेट पण जागा मागतात, मिळाली नाही की परत परत प्रयत्न करत बसतात. सी मध्ये साधारण १५ ते २० टक्के मोकळं ठेवायचं, हा माझा नियम आहे.

पण गेम सी मधनं हलवायचा म्हणजे फोल्डर कट करून ई मध्ये पेस्ट करायचं नाही! मी लोकांना हे करताना बघितलंय, गेम उघडत नाही आणि मग परत सगळं डाउनलोड करत बसतात. स्टीमला सेटिंगमध्ये स्टोरेजमध्ये जाऊन आधी दुसरा ड्राइव्ह ॲड करा, मग गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, तिथं मूव्ह इन्स्टॉल फोल्डर असतं. हलवायला वेळ लागतो, आमच्याकडं एका गेमला पाऊण तास गेला, तेवढ्यात बहिणीनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली ती खाऊन झाली. ज्या गेमला असं बटन नाही तो अनइन्स्टॉल करून परत टाकताना पाथ, म्हणजे गेम कुठल्या ड्राइव्हवर टाकायचा ती जागा, बदला. काढायच्या आधी सेव्ह (गेम कुठवर खेळून झालाय त्याची फाइल) बघून घ्या, बऱ्याच गेमचे सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये नाहीतर ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात, ते फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा, पोराची वर्षभराची मेहनत असते ती. मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस असं लिहिलेल्या दहाबारा नोंदी ॲप्सच्या यादीत दिसतील, त्या कचरा समजून काढू नका, गेम त्यांच्यावरच चालतात. आणि रजिस्ट्री क्लीनर, पीसी बूस्टर असलं काही डाउनलोड करू नका, कळकळीनं सांगतोय. त्यानं स्पीड वाढलेला मी तरी कुठं बघितला नाही, उलट स्टार्टअपला आणखी एक पाहुणा वाढतो.

एक गैरसमज मात्र काढतो. डी आणि ई वेगळे दिसले तरी ते एकाच डिस्कचे भाग आहेत. गेम ई मध्ये नेल्यानं सी ला जागा मिळते, डिस्क फास्ट होत नाही, सुई तीच आणि चकती तीच. फिरत्या डिस्कवर गेम आणि अपडेट येत जात राहिले, त्यात डिस्क भरत आली, की नवीन फाइलचे तुकडे जागा मिळेल तिथं पडतात, त्यामुळं पण ती मंदावते. स्टार्टला डीफ्रॅगमेंट टाइप करा, ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज उघडेल, तिथं मीडिया टाइपमध्ये हार्ड डिस्क ड्राइव्ह लिहिलं असेल तर महिन्यातनं एकदा ऑप्टिमाइझ करा, रात्रभर लागला तरी चालेल. सॉलिड स्टेट ड्राइव्ह म्हणजे एसएसडी (चकती-सुई नसलेली, चिपवर चालणारी डिस्क) लिहिलं असेल तर विंडोज स्वतःच ट्रिम म्हणजे तिची आवराआवर करतं, बाहेरचं डीफ्रॅगचं सॉफ्टवेअर एसएसडीवर चालवू नका, फायदा नाही आणि उगाच झिजते. एसएसडीला गेमच्या संख्येचं काही नाही, पण ती पण गच्च भरली की लिहायचा स्पीड पडतो, म्हणून तिथंही थोडं मोकळं ठेवा.

पेनड्राइव्हवरनं मित्राकडून आणलेले नाहीतर कुठल्यातरी साइटवरनं फुकट उतरवलेले क्रॅक गेम, यांच्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. सगळ्या क्रॅकमध्ये व्हायरस असतो असं नाही, पण ज्यात असतो तो तुमच्या प्रोसेसरवर दुसऱ्यासाठी क्रिप्टोचं मायनिंग (आकडेमोड करून डिजिटल पैसे मिळवणं) करत बसतो, पासवर्ड चोरतो, आणि टाकताना अँटिव्हायरस बंद करा असं सांगितलेलं असतं म्हणजे दार तुम्हीच उघडून दिलं. काही मायनर तर टास्क मॅनेजर उघडला की गप होतात. गेम बंद असून फॅन जोरात फिरतोय आणि टास्क मॅनेजर उघडला की शांत होतोय, असं झालं तर विंडोज सिक्युरिटीत जाऊन डिफेंडर (विंडोजचाच अँटिव्हायरस) ऑफलाइन स्कॅन मारा. घरच्या कॉम्प्युटरवर दाजी जीएसटीचं काम करतात, बँक उघडतात, म्हणून भाच्याच्या ११ मधले दोन क्रॅक होते ते मी त्याच्यासमोर बसून काढले, त्याला पण पटलं. फुकट हवे असतील तर एपिकवर दर आठवड्याला एखादा चांगला गेम रीतसर फुकट देतात, तो घ्या.

एवढं सगळं करून घड्याळ लावलं तर २ मिनिटं २० सेकंद. निम्म्याजवळ आलं. तरी गेम चालू केला की दहा मिनिटात अडखळायचा, सकाळी कमी आणि दुपारी जास्त, आणि इथं मला शंका आली. मे महिना, सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, ४२-४३ च्या आसपास पारा आणि वर स्लॅब तापलेला. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० डिग्रीच्या आसपास गेले की जळू नये म्हणून स्वतःच स्पीड कमी करतात. कॉम्प्युटर बंद केला, प्लग काढला, पॉवरचं बटन दाबून आतली वीज घालवली आणि गच्चीवर सावलीत नेऊन बाजूचा पत्रा उघडला. प्रोसेसरवरचा फॅन आणि त्याच्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या यांच्यामध्ये सुताच्या कापसाची गादीच बसली होती, पांढरी, मधे मधे निळी आणि गुलाबी, खालच्या टॉवेलच्या रंगाची, अख्खी, कडेनं उचलली तर खरवसाच्या वडीसारखी निघून आली. दाजी हातात घेऊन बघतच राहिले. म्हणाले हे तर माझंच. ज्यांच्या घरात नाहीतर शेजारी माग आहेत त्यांनी दर दोनतीन महिन्यानं हे उघडून बघा, मऊ ब्रश आणि ब्लोअर पुरतो, फक्त हवा मारताना फॅन पेन्सिल घालून धरून ठेवा, त्याला भोवऱ्यासारखा फिरू देऊ नका, बेअरिंग जातं. फॅनखालचा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा ठोकळाच काढला असेल तर प्रोसेसरवर नवीन थर्मल पेस्ट (उष्णता ठोकळ्याकडं नेणारा लेप) लावल्याशिवाय परत बसवू नका. कॅबिनेट जमिनीवर ठेवण्याऐवजी टेबलावर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.

संध्याकाळी लाइट गेली आणि यूपीएस नव्हता म्हणून तेवढं पण सांगतो, गेमचं अपडेट चालू असताना असा झटका बसला की फाइली खराब होतात आणि जुन्या डिस्कला बॅड सेक्टर (न वाचता येणारे खराब भाग) पडायची भीती असते. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात निळं गुड दिसलं तर बरं, पिवळं कॉशन दिसलं तर बाकी सगळं सोडा आणि आधी फोटो आणि हिशेब दुसरीकडं कॉपी करा.

पैसे घालायचेच असतील तर क्रम असा ठेवा. फिरती डिस्क असेल तर पहिला पैसा एसएसडीवर, मग रॅम, ग्राफिक्स कार्ड त्याच्या नंतर. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, पण खरी मजा तिला सुईच नाही यात आहे, चार कोपऱ्यातलं एकदम मागितलं तरी ती धापा टाकत नाही. रॅम घेताना जुन्या मशीनला डीडीआर थ्री लागते, नवी डीडीआर फोर त्यात बसत नाही, म्हणून जुनी पट्टी काढून सोबत न्या. जुनी डिस्क चांगली असेल तर फेकू नका, एसएसडीवर विंडोज आणि रोजचा एखादा गेम, बाकी गेम जुन्या डिस्कवर.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी दाजींनीच २४० जीबीची एसएसडी आणि ४ जीबीची आणखी एक पट्टी आणली. बसवून स्टॉपवॉच भाच्याच्या हातात दिलं, ३८ सेकंद. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं आणखी दोन गेम टाकले, ११ चे परत ११ झाले, टाकताना मला व्हिडिओ कॉल लावला होता आणि पाथमध्ये सी च्या जागी डी करून दाखवत होता, मागनं दाजींचा आवाज आला की आज पत्रा उघडून साफ पण केलाय म्हणून सांग मामाला.